मोडीत घालण्यापूर्वी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



दिवाळी तोंडावर आली की घरोघरी दोन कामं एकदमच सुरू होतात. माळ्यावरचं जुनं खाली काढायचं आणि बाजारातून नवं आणायचं. जुनं भंगारवाल्याच्या गाड्यावर जातं आणि नवं रंगीत कागदात गुंडाळून नातेवाइकांकडे जातं. सुक्या मेव्याचा डबा, काचेचे ग्लास, भिंतीवरचं घड्याळ, चादरीचा जोड. आमच्या ओळखीत एकदा असं झालं, की पाडव्याला आम्ही दिलेला मेव्याचा डबा तीन घरं फिरून तुळशीच्या लग्नाला आमच्याच घरी परत आला. वरची फीतसुद्धा सोडलेली नव्हती. देणाऱ्याचा मान राहिला, घेणाऱ्याचाही राहिला. पण मधल्या तीन घरांत तो डबा कुणाचाच झाला नाही.

आज मला बोलायचं आहे ते जुन्या वस्तू भेट देण्याबद्दल. विषय ऐकून काही जण म्हणतील, ‘हा मास्तर आता सणासुदीला मोडकंतोडकं द्यायला सांगणार!’ तसं नाही. माळ्यावर जागा अडली म्हणून दिलेलं, ते भंगार. समजून-उमजून, नीट करून, हकिकत सांगून दिलेलं, ती भेट. या दोहोंतला फरक मला फार उशिरा कळला. कसा कळला, ते आधी सांगतो.

मी अचलपूरचा. आमचं जुनं घर धाब्याचं होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न १९६६ सालच्या वैशाखात झालं, तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. ताईला कारंज्याला दिलं होतं. त्या काळी अचलपूरहून कारंज्याला जायचं म्हणजे आमची शकुंतला, ती लहान रुळांची आगगाडी. मूर्तिजापूरला उतरायचं आणि यवतमाळकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. तेव्हा वाफेचं इंजिन होतं. ते १९९४ साली गेलं आणि डिझेलचं आलं. आता तर ती गाडीच धावत नाही. पण त्या दिवशी वऱ्हाड, ट्रंका, बिछाने, रुखवताच्या टोपल्या असं सगळं त्या इवल्याशा डब्यात कोंबता कोंबता एक घंगाळ मागे राहिलं. चांगलं पाच-सहा किलोचं, पितळेचं, दोन कड्यांचं. ‘पुढच्या खेपेले नेईन,’ असं ताई म्हणाली. पुढच्या खेपेला तिच्या कडेवर लेकरू होतं, त्याच्या पुढच्या खेपेला दोन. घंगाळ राहिलं ते राहिलंच.

त्या घंगाळाच्या काठावर नाव घातलेलं होतं. भांड्यावर नाव घालणं म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. भांड्याच्या दुकानात एक माणूस बारीक छिन्नी आणि लहानशी हातोडी घेऊन बसायचा. टिक टिक टिक करत तो एकेक टिंब उठवायचा आणि त्या टिंबांचं अक्षर व्हायचं. पुढे विजेवरचं यंत्र आलं, त्याची अक्षरं गुळगुळीत असतात. हातानं घातलेलं नाव मात्र अंधारातही बोटाला लागतं. आमच्या घंगाळावर ताईचं सासरचं नाव होतं, त्यापुढे ‘हिस आईकडून’ आणि खाली ‘वैशाख शके १८८८’.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्या ओळीत ‘आईकडून’ हा शब्द कुठे येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घंगाळ चिंचेनं घासताना ती तिथं बोट ठेवायची आणि म्हणायची, ‘हे मी हाओ.’ उभ्या आयुष्यात तिच्या वाट्याला आलेलं लेखन एवढंच. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं, शिधापत्रिकेवर होतं ते वडिलांच्या नावाखाली. घंगाळावर मात्र ती स्वतःहून होती.

आई गेली. २००३ साली आम्ही जुनं घर सोडून परतवाड्याला स्लॅबच्या घरात राहायला गेलो. सामान हलवताना माळ्यावरून दोन पोती पितळ निघालं. घंगाळ, गुंड, कोपर, परात, डबे, तांबे, पळ्या. नव्या घरात ठेवायला जागा नव्हती. घासायला माणूस नव्हतं. कल्हई करणारा आधी वर्षातून दोनदा गल्लीत हाका देत यायचा, तोही यायचा थांबला होता. मी मोड घेणाऱ्याला बोलावलं. त्यानं काटा लावला, माती आणि झाळ यांची घट धरली, एकेचाळीस किलो भरलं. आलेल्या पैशात मिक्सर घेतला, स्टीलचे डबे घेतले आणि मोठ्या समाधानानं घरी आलो. शाळेत तेहतीस वर्षं मुलांना ‘वाचाल तर वाचाल’ असं फळ्यावर लिहून देणारा मी मास्तर. त्या दोन पोत्यांत काय लिहिलेलं आहे, ते मात्र वाचलं नाही.

त्या दिवाळीला ताई नवं घर पाहायला आली. नरकचतुर्दशीची पहाट. उटणं लावून झालं. न्हाणीत कढत पाणी प्लास्टिकच्या बादलीत काढलेलं होतं. ताई दारातच थबकली. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, ‘माह्यं घंगाळ कुठी हाये रे भाऊ?’

मी काही बोललो नाही. ती समजली. तिनं आदळआपट केली नाही, रडली नाही. बादलीतल्या पाण्यानं आंघोळ केली. भाऊबीजेला मला ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली, ती तिनं डोळ्याला लावली. निघताना एवढंच म्हणाली, ‘इकायचं होतं त इकायचं. मले एक पोस्टकार्ड टाकतास, त मी येऊन घिऊन गेली असती.’

श्रोतेहो, त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्या दुकानात गेलो. दुकानदाराचा यात काही दोष नव्हता. त्यानं चोख वजन करून रोख पैसे दिले होते. तो म्हणाला, ‘गुरुजी, ते तं कधीच भट्टीत गेलं.’ पण कोपऱ्यात दुसऱ्या घरांतून आलेला ढीग पडला होता. मी तिथं बसलो आणि एकेक भांडं उचलून वाचू लागलो. कुणाच्या मामांकडून, कुणाच्या आत्याकडून, कुण्या मुलीला मॅट्रिक पास झाल्याबद्दल, कुणाला डोहाळजेवणाला. एका तांब्यावर नुसतं ‘गंगापूजन’ आणि शके. एका डब्यावर नवरा-बायको दोघांची नावं आणि मध्ये कमळ. अर्धा तास मी वाचत होतो. गावातल्या बायकांचा एवढा इतिहास एके ठिकाणी लिहिलेला मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता, आणि तो किलोच्या भावानं विकायला ठेवलेला होता.

आता थोडं इतिहासाकडे वळू. धातूवर देणगी कोरून ठेवायची ही रीत आपल्याच मातीतली आहे, आणि अचलपूरकराला तिचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. अचलपूरपासून अगदी जवळ चमक नावाचं गाव आहे. तिथे १८६८ च्या सुमारास एका शेतकऱ्याला नांगरताना ताम्रपट सापडला. तो वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा, म्हणजे पाचव्या शतकातला, दीड हजार वर्षांहून जुना. मधुनदीच्या काठचं चर्मांक हे गाव आपण एक हजार ब्राह्मणांना दिलं, असं त्यात राजानं नोंदवलं आहे. जमीन किती, तर राजमानाने ८००० भूमी. घेणाऱ्यांपैकी एकोणपन्नास जणांची नावं त्यावर कोरलेली आहेत. चर्मांकाचं आज चमक झालं. पण गाव तेच.

त्या ताम्रपटात मला सगळ्यात आवडते ती देताना घातलेली अट. घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, लढाया करू नयेत, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, तोपर्यंतच हे दान चालेल. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही देणाऱ्यानं नुसतं दिलं नाही. कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी दिलं, कशाकरिता दिलं आणि घेणाऱ्यानं कसं वागावं, हे सगळं तांब्यावर उतरवून दिलं. माझ्या आईनं घंगाळावर याहून वेगळं काय केलं? राजाजवळ गाव होतं, आईजवळ घंगाळ होतं, एवढाच फरक.

आपल्याकडे अशा घरगुती वस्तूंचं मोल ओळखणारी माणसं झाली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं नाव आपण ऐकलं असेल. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे गृहस्थ. ते गावोगाव हिंडले आणि दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, पेट्या, स्वयंपाकघरातली भांडी जमवत गेले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात गेली, आणि १९७५ साली हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. जुन्या वस्तूंची एवढी मोठी भेट मराठी मुलखाला क्वचितच कुणी दिली असेल. तिथला एखादा अडकित्ता पाहताना लक्षात येतं, की सुपारी कातरायच्या साध्या हत्यारालाही कुणीतरी मोराचा, कुणी घोड्याचा आकार दिला होता. आपल्या वऱ्हाडातही यवतमाळच्या डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभावांची जुनी हस्तलिखितं जमवून अभ्यासली. तीही कुणाच्या तरी घरातून, मठातून आलेलीच.

पण प्रत्येकाचं घर काही संग्रहालय होऊ शकत नाही, आणि होऊही नये. आपल्या हातात आहे ते एवढंच, की वस्तू योग्य हाती पोचवायची. त्या दिवाळीनंतर मी ठरवलं, घरात जे काही थोडंफार जुनं उरलंय, ते दरवर्षी एकेक करून द्यायचं. गेल्या वीसएक वर्षांत मी जे शिकलो, त्यात चुकाही बऱ्याच झाल्या. त्या सांगितल्या तर आपल्याला उपयोग होईल.

पहिली गोष्ट. घेणाऱ्याला विचारा. मी पुण्याच्या पुतण्याला आमचं लंबकाचं घड्याळ दिलं. मोठ्या हौसेनं, गाठोड्यात बांधून, रेल्वेनं मांडीवर धरून नेलं. दोन खोल्यांचं त्यांचं घर. घड्याळ दर अर्ध्या तासाला ठोके देणार, आणि घरात तीन महिन्यांचं बाळ. चौथ्या रात्री सूनबाईंनी लंबक काढून ठेवला. दिवाळी संपायच्या आत घड्याळ परत आलं. चूक त्यांची नव्हती. आपल्या आठवणीचं ओझं मी त्यांच्या भिंतीवर टांगलं होतं. पुढे त्याच पुतण्यानं स्वतःहून आजोबांचा अडकित्ता मागितला. घरात सुपारी कुणी खात नाही. तो त्यानं टेबलावर कागदांवर ठेवायला घेतला. मला आनंदच झाला. वस्तू कामात राहिली की ती घरची राहते.

याचं सुंदर उदाहरण माझ्या एका मुसलमान शिक्षकमित्राच्या घरी पाहिलं. त्यांच्या अम्मीचं तांब्याचं पानदान होतं, आत चुना, कात, सुपारीच्या वाट्या. अम्मी गेल्यावर पान खाणारं कुणी उरलं नाही. ईदेला त्यांनी ते सुनेला दिलं. सून शिवणकाम करते. तिनं वाट्यांत बटणं, हूक, सुया ठेवल्या आणि मधल्या कप्प्यात दोऱ्याची रिळं. रोज दहा वेळा ते पानदान उघडतं आणि रोज अम्मीची आठवण निघते. यापेक्षा जास्त एखाद्या वस्तूकडून काय मागायचं?

दुसरी गोष्ट. द्यायची ती वस्तू धड करून द्या. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात स्वयंपाक करायचा असेल तर आतून कल्हई हवीच; नाही तर आंबट पदार्थ कळकतो आणि पोटाला बाधतो. कल्हईवाला मिळाला तर मुलांना मुद्दाम दाखवा. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागराची भुकटी टाकायची, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी फिरवून कापसानं पुसून घ्यायचं. काळवंडलेलं भांडं बघता बघता आतून चांदीसारखं होतं. झाळ लावलेलं जुनं भांडं मात्र खाण्यापिण्याला वापरू नका, झाळ लावताना शिसं वापरलेलं असू शकतं. त्यात फुलझाड लावा. आणि घासताना एक सांभाळा. यंत्रावर पॉलिश करून आणण्याचा मोह टाळा. चकाकी येते, पण नाव झिजतं. चिंच किंवा लिंबू-मीठ आणि आपला हात पुरेसा आहे.

जुनी कागदपत्रं, मोडीतले कागद, पोथ्या, फोटो यांना लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकमध्ये एकदा बंद झालेला कागद पुन्हा सुखरूप बाहेर निघत नाही. फोटोच्या मागे शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं नावं लिहा. आपल्या घरात असे किती फोटो आहेत, की ज्यांतली मधली आजी कोण, हे सांगणारं माणूस आता एकच उरलंय? त्या माणसाजवळ या दिवाळीत बसा.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते मुख्य. हकिकत लिहून द्या. वस्तूबरोबर एक पानभर चिठ्ठी. ही वस्तू कुणाची, कुठून आली, कोण वापरायचं, तिला पोचा कसा पडला. खरं तेच लिहा. आमच्या एका पितळी डब्याच्या झाकणाला पोचा आहे. लहानपणी मी चोरून लाडू काढताना तो फडताळावरून पडला होता आणि मार माझ्या धाकट्या भावानं खाल्ला होता. मी तो डबा भावाच्याच मुलीला दिला आणि चिठ्ठीत पन्नास वर्षांनी कबुली दिली. भावानं फोन केला, ‘दादा, मले माहीत होतं.’ हे बोलणं त्या डब्याशिवाय झालं नसतं.

चौथी गोष्ट. हात धडधाकट असताना द्या आणि सर्वांना सांगून द्या. वस्तूवरून घरं तुटतात. समई कुणाकडे गेली, पाटल्या कुणी नेल्या, यावरून सख्खी भावंडं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. भांडण समईचं नसतं. ‘आईच्या मनात मी होते की नाही’, हे त्यामागे असतं. ज्यांच्या हातात द्यायचं आहे, त्यांनी दिवाळीला चार जण जमलेले असताना दिलं, तर मागून संशयाला जागा राहत नाही. लेकींना विचारायला विसरू नका. माळ्यावरच्या निम्म्या भांड्यांवर त्यांचीच नावं असतात.

पाचवी गोष्ट कायद्याची. थोडी रूक्ष आहे, पण ऐकून घ्या. १९७२ साली पुरावस्तू व कलानिधी कायदा झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून तो लागू आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं, कलावस्तू ही पुरावस्तू ठरते; ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. अशी वस्तू आपण परदेशी नेऊ शकत नाही. अमेरिकेतल्या लेकीला पणजोबांची सचित्र पोथी पाठवायचं मनात असेल, तर थांबा आणि पुरातत्त्व खात्याला विचारा. काही प्रकारच्या पुरावस्तूंची नोंदणी करावी लागते, आणि नोंदलेली वस्तू दुसऱ्याला दिली तर तेही कळवावं लागतं. आजीचं साठ वर्षांचं घंगाळ यात येत नाही, ते खुशाल द्या.

शेतात, पडक्या भिंतीत काही सापडलं तर तेही ‘आपलं’ म्हणून भेट देता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आमचं गाव जुनं. इमादशाहीची ही राजधानी, पुढे नवाबांचं ठाणं. पावसाळ्यात भिंत ढासळली की नाणी सापडल्याच्या गोष्टी इथं लहानपणापासून ऐकतो आहे. पण चमकच्या त्या शेतकऱ्याला सापडलेला पत्रा वितळला असता, तर आज आपल्याला चर्मांक हे नावच कळलं नसतं. आणखी एक, हस्तिदंत, वाघनख असं काही जुन्या पेटीत निघालं तर ते देण्याघेण्याच्या भानगडीत पडू नका. वन्यजीव संरक्षणाचा कायदा कडक आहे. सरळ वन विभागाचा सल्ला घ्या.

बाजारातून ‘अँटिक’ म्हणून विकत घेऊन भेट देणाऱ्यांनाही दोन शब्द. नव्या पितळेला रसायन लावून काळं करतात आणि जुनं म्हणून विकतात. ओळखायचं कसं? वापरानं झिजलेली वस्तू हात लागतो तिथेच झिजते. कडी, काठ, तोटी, बूड. सगळीकडून सारखीच काळी आणि कुठेच गुळगुळीत नसेल, तर शंका घ्यावी. पण मी म्हणेन, दुकानात जाण्यापूर्वी आपल्या आत्याचं घर पाहा.

आता त्या घंगाळाची गोष्ट पुरी करतो.

त्या दिवशी दुकानातल्या ढिगात मला एक घंगाळ दिसलं. आमच्यापेक्षा थोडं लहान, एक कडी बदललेली. त्यावर कुण्या अनोळखी मुलीचं नाव आणि ‘आईकडून’. शके १८७० च्या आसपासचं असावं, शेवटचा आकडा झिजला होता. मी ते वजनावर विकत घेतलं. वर्षभर घरात ठेवलं, कारण देण्याचा धीर होईना. पुढच्या भाऊबीजेला कारंज्याला गेलो आणि ओवाळणीच्या ताटाशेजारी ते ठेवलं. म्हटलं, ‘ताई, हे तुझं नाही. तुझं आता मिळणार नाही.’

तिनं ते जवळ ओढलं. काठावरून बोट फिरवलं, जसं आई फिरवायची. विचारलं, ‘कोनाची लेक व्हय ही?’ मी म्हटलं, ‘माहीत नाही.’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘माह्या मायचं नाही. पन कोन्या मायचं त हायेच. असू दे.’

माझे जावई म्हणाले होते, ‘ते नाव घासून काढा आणि आत्याबाईंचं घाला.’ ताईनं ते होऊ दिलं नाही. दुसऱ्याचं नाव पुसून आपलं लिहायचं नाही, म्हणाली. ते घंगाळ तिनं वापरलं. दर दिवाळीला तिच्या घरी पहिल्या आंघोळीचं पाणी त्यातूनच.

मागच्या दिवाळीत ताईनं ते नातीला दिलं. नात नागपूरला नोकरी करते, घर भाड्याचं आहे, न्हाणीत शॉवर आहे. तिनं ते बाल्कनीत ठेवून त्यात कमळाचा कंद लावला आहे. ताईची हरकत नाही. देण्याआधी तिनं दुकानात नेऊन त्या अनोळखी नावाच्या खाली, थोडी जागा सोडून, एक ओळ घालून घेतली आहे. नातीचं नाव आणि ‘आजीकडून’.

बरोबर चिठ्ठीही दिली आहे. ती तिनं माझ्याकडूनच लिहून घेतली. तिचे हात आता थरथरतात. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. लग्न, शकुंतला, गाडीत न मावलेलं घंगाळ, आईचं बोट. मग ती थांबली आणि म्हणाली, ‘आता लिही, का माह्या भावानं ते मोडीत घातलं.’ मी वर पाहिलं. ‘लिही ना. खरं तेच लिहा लागते, असं तूच सांगतं ना सगळ्याइले?’

मी लिहिलं. खाली सही माझीच आहे.

तर श्रोतेहो, येत्या धनत्रयोदशीला नवं भांडं जरूर घ्या. ती रीत चांगली आहे. घेतलंत तर त्यावर नाव घालून घ्या. कोणाकडून, कोणास, कोणत्या साली. पण त्याआधी माळ्यावर चढा. जे खाली काढाल ते उजेडात धरा, काठावरून बोट फिरवा. काही लागलं तर काटा लावण्यापूर्वी वाचा. ज्याचं नाव असेल त्याला एक फोन करा. पोस्टकार्ड आता कुणी टाकत नाही; पण फोन करायला तर काहीच लागत नाही.